अलॉयची सेंटर कॅप दरवेळी तुटते? समोरून उचकटू नका, मागून ढकला

व्हील बॅलन्सिंगला गाडी दिली की परत येताना एखाद्या चाकाच्या मधल्या कॅपला नवा ओरखडा पडलेला असतोच. कधी कॅप एका बाजूने किंचित वर आलेली दिसते, कधी काही दिवसांनी एखाद्या खड्ड्यात उडून जाते आणि आपण म्हणतो, चोरीला गेली. चोऱ्या होतातही, पण बऱ्याचदा त्या कॅपचं लॉक आधीच तुटलेलं असतं. दर दहा हजार किलोमीटरला बॅलन्सिंग, मधे एखादं पंक्चर, टायर बदलणं, म्हणजे कॅप निघण्याचा प्रसंग पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी थोडी थोडी मोडत जाते.

बॅलन्सिंगच्या मशीनचा दांडा चाकाच्या मधल्या भोकातून आरपार जातो. कॅप नेमकी त्याच भोकावर बसलेली, त्यामुळे ती काढल्याशिवाय चाक मशीनवर चढत नाही. टायरवाल्याकडे रांग असते. तो हाताशी असेल तो स्क्रू ड्रायव्हर कॅपच्या कडेत घालतो आणि पिळतो. कॅप निघते, तिच्यासोबत अलॉयचा, म्हणजे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चाकाचा, थोडा रंग निघतो, आणि मागची एखादी क्लिपही जाते.

बहुतेक गाड्यांत ही कॅप समोरून काढायची गरजच नसते. नट उघडे दिसत असतील, तर आधी चाक उतरवा आणि मग कॅप मागच्या बाजूने ढकला. ज्या भोकातून मशीनचा दांडा जाणार, त्याच भोकातून तुमची बोटं जातात. आपल्याकडे उलटं होतं, चाक गाडीवर असतानाच कॅप उचकटतात.

आधी कॅप कुठल्या प्रकारची आहे ते बघा

नुसतं ओढायला लागण्याआधी चाकासमोर उकिडवे बसा आणि नीट बघा. नट कॅपच्या बाहेर दिसत असतील आणि कॅप साधारण ५ ते ७ सेंटीमीटरची असेल, तर ती क्लिपांवर दाबून बसवलेली कॅप. आजकालच्या बहुतेक हॅचबॅक, सेडान आणि छोट्या एसयूव्हींच्या कंपनी अलॉयला हीच असते. या लेखातलं बरंचसं तिच्याबद्दल आहे.

कॅप मोठी आहे आणि नट तिच्याखाली लपलेत, तर गोष्ट वेगळी. तिथे चाक उतरवायलाच कॅप आधी काढावी लागते, म्हणजे समोरूनच. याबद्दल पुढे.

स्टीलच्या डिस्कवरचं पूर्ण व्हील कव्हर, ज्याला गॅरेजमध्ये सरसकट व्हील कप म्हणतात, त्याच्या मागे तारेची एक मोठी रिंग असते आणि ते दोन्ही हातांनी ओढून निघतं. पण काही कव्हरं नटांच्या खाली दाबून धरलेली असतात. अशा कव्हरात नटांसाठी भोकं असतात आणि नटाचा दांडगा घेर कव्हरवर टेकलेला दिसतो. ते कितीही ओढा, निघणार नाही, फुटेल. आधी नट काढा, कव्हर आपोआप हातात येतं. कडेतून काळे केबल टाय डोकावत असतील, तर कोणीतरी चोरीच्या किंवा निसटण्याच्या भीतीने कव्हर डिस्कला बांधून टाकलंय. ते कटरने कापा. असे टाय बांधलेत तर गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटा कटर आणि चार जादा टाय ठेवून द्या. रात्री घाटात पंक्चर झाल्यावर दातांनी टाय तुटत नाही.

बाहेरून बसवून घेतलेल्या अलॉयमध्ये आणखी एक भानगड असते. त्यातल्या काहींची कॅप मागून छोट्या स्क्रूंनी घट्ट केलेली असते, काहींची समोरून अॅलन बोल्टने, तर काहींची कॅप स्वतःच आट्यांची असते आणि फिरवून काढायची असते. कॅपच्या कडेला सहा किंवा आठ पैलू असतील किंवा पाना बसेल अशा खाचा असतील, तर ती आट्यांची समजा. स्क्रूची कॅप समोरून उचकटली की तिच्या मागचे खांब मुळापासून तुटतात आणि मग ती कचऱ्यातच जाते. त्यामुळे बाहेरचे अलॉय असतील तर चाक उतरवून मागून एकदा टॉर्चने बघितल्याशिवाय हात लावू नका.

आत काय असतं

दाबून बसणाऱ्या कॅपच्या मागे गोलाकार मांडलेल्या क्लिपा असतात. प्रत्येक क्लिपेच्या टोकाला बाहेरच्या बाजूला एक छोटा उंचवटा असतो, तो अलॉयच्या भोकात कोरलेल्या खाचेत जाऊन अडकतो. बऱ्याच कॅपांमध्ये या क्लिपांच्या आतल्या बाजूने तारेची एक स्प्रिंग रिंग असते. ती सगळ्या क्लिपांना सतत बाहेर दाबून धरते. म्हणजे कॅपला धरून ठेवणारी खरी ताकद त्या तारेची असते, प्लास्टिक फक्त अडकण्यापुरतं.

समोरून एका ठिकाणी पट्टी घालून पिळलं की तिथली क्लिप सुटते, पण विरुद्ध बाजूची अजून खाचेत रुतलेली असते. कॅप तिरकी होते, आणि त्या विरुद्ध बाजूच्या क्लिपेला वाकायला जागाच उरत नाही. ती मुळाशीच तुटते. तुटलेली क्लिप बहुतेकदा तुम्ही पट्टी घातली त्याच्या अगदी विरुद्ध बाजूची असते, ते यामुळे. मागून मात्र तुम्हाला क्लिपा दिसतात, एकेक करून आत दाबता येतात, आणि कॅप सरळ पुढे सरकते.

हे प्लास्टिक साधारणपणे एबीएस नावाचं (ब्रेकच्या एबीएसशी त्याचा संबंध नाही). नवं असताना ते वाकतं, पण ऊन, ब्रेकची धूळ आणि वर्षानुवर्षांची उष्णता खाऊन ठिसूळ होतं. दहा वर्षांच्या गाडीची कॅप नव्या गाडीच्या कॅपसारखी वागणार नाही, हे मनात ठेवूनच हात लावा.

मागून ढकलायची पद्धत

गाडी सपाट, कडक जमिनीवर लावा. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, जे चाक काढायचं नाही त्याला दोन्ही बाजूंनी दगड लावा. गाडी उचलण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा. मग जॅक, मग नट पूर्ण काढून चाक उतरवा. जॅकवरच्या गाडीखाली हातपाय घालू नका. उतरवलेलं चाक काम चालू असेपर्यंत गाडीच्या खाली आडवं सरकवून ठेवण्याची जुनी पद्धत चांगली आहे, पण इथे ते चाकच हवंय, म्हणून त्याजागी स्टेपनी सरकवा. गाडी लांबचा प्रवास करून आली असेल तर थोडी थंड होऊ द्या. ब्रेकच्या डिस्कला हात लागला तर चटका बसतो.

आता चाक पालथं घालायचं, म्हणजे अलॉयचा देखणा चेहरा खाली. नुसत्या फरशीवर ठेवलं तर चेहरा घासतो आणि कॅपला बाहेर पडायला जागाही राहत नाही. जुना टायर मिळाला तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. चाक त्यावर पालथं ठेवा, कॅप खाली पोकळीत पडते. नसेल तर दोन फळ्यांवर जुनी गोधडी टाकून मधे मोकळी जागा सोडा.

मागच्या भोकातून बघा. क्लिपा दिसतील, तार दिसेल, आणि सगळ्यावर ब्रेकची काळी धूळ बसलेली असेल. ती फुंकू नका, डोळ्यांत आणि नाकात जाते. ओल्या फडक्याने पुसा. मग एका क्लिपेला बोटाने किंवा लाकडी पट्टीने आत, म्हणजे मध्याकडे दाबा आणि तिथे कॅपला थोडं पुढे ढकला. मग लगेच तिच्या अगदी विरुद्ध बाजूची क्लिप. पुन्हा पहिलीच्या शेजारची, पुन्हा तिच्या विरुद्ध बाजूची. चाकाचे नट आपण असेच आलटून पालटून आवळतो ना, तोच क्रम. दोन फेऱ्यांत कॅप टक्कन सुटते.

बोटाचा जोर पुरत नसेल तर हातोडीचा लाकडी दांडा किंवा झाडूचा जाड तुकडा घ्या आणि हाताच्या तळव्याने हलके ठोका. दांडा कॅपच्या अगदी मधे टेकवू नका. मधे प्लास्टिक सगळ्यात पातळ असतं आणि तिथे पुढून लोगो चिकटवलेला असतो. मधे ठोकलं की कॅप जागेवर राहते आणि लोगो तेवढा बाहेर पडतो. क्लिपांच्या मुळाशी, कडेला टेकवा आणि दर ठोक्याला जागा बदला. लोखंडी हातोडी थेट नको.

ड्राइव्ह शाफ्टचं, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचं, काम करताना चाकाच्या मधला मोठा नट गाडी जमिनीवर असताना ढिला करावा लागतो, कारण तो पुष्कळ टॉर्कने, म्हणजे पिळण्याच्या जोराने, आवळलेला असतो. लहान गाड्यांतसुद्धा हा आकडा १५० ते ३०० न्यूटन-मीटरच्या घरात असतो. म्हणून लोक म्हणतात, इथे तरी कॅप समोरूनच काढावी लागणार. तशी गरज नाही. चाक उतरवा, कॅप मागून काढा, चाक कॅपशिवाय परत लावा, गाडी खाली आणा आणि मग भोकातून तो नट ढिला करा. दहा मिनिटं जास्त जातात, पण कॅप शाबूत राहते.

समोरूनच काढायची वेळ आली तर

नट झाकणारी मोठी कॅप असेल, तर पर्याय नाही. आधी तुमच्या गाडीच्या टूलकिटमध्ये बघा. फोक्सवॅगनच्या पोलो, व्हेंटोसारख्या गाड्यांच्या किटमध्ये तारेचा एक आकडा मिळतो. लोकांना तो कशाचा आहे हे माहीत नसतं आणि पहिल्या वर्षातच हरवतो. तो आकडा कव्हरच्या कडेतल्या भोकात अडकवायचा, त्याच्यातून व्हील पाना आडवा घालायचा आणि पाना मुठीसारखा धरून सरळ बाहेर ओढायचं. याच गाड्यांच्या चाकांच्या बोल्टवर काळ्या प्लास्टिकच्या छोट्या टोप्या असतात, त्यांच्यासाठीही किटमध्ये चिमटा असतो. पक्कडीने त्या टोप्या ओढल्या की चेपतात.

बऱ्याच जपानी आणि कोरियन गाड्यांच्या व्हील पान्याचं दुसरं टोक चपटं असतं. ते व्हील कव्हर उचकटण्यासाठीच दिलेलं असतं. कव्हरसाठी ते चालतं, खाली जाड फडकं घातलं तर. छोट्या, नाजूक कॅपला ते नको.

मग काय वापरायचं? प्लास्टिकच्या ट्रिम काढायच्या पट्ट्यांचा संच ऑनलाइन सहज आणि स्वस्तात मिळतो, आणि दरवाजाची पॅनल, डॅशबोर्ड, म्युझिक सिस्टिम सगळ्याला कामाला येतो. तो नसेल तर जुनं एटीएम कार्ड, टूथब्रशची चपटी केलेली मूठ किंवा सायकलचा प्लास्टिकचा टायर लिव्हर. स्क्रू ड्रायव्हरच हातात असेल, तर त्याच्या टोकाला कापडी चिकटपट्टीचे तीनचार वेढे द्या आणि अलॉयच्या कडेवर मास्किंग टेप चिकटवा. टेप कॅपच्या नाही, अलॉयच्या कडेवर. कॅप नवी मिळते. अलॉयच्या रंगाला पडलेला ओरखडा हळूहळू पसरत जातो, कारण लॅकर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, निघालं की खालच्या अॅल्युमिनियमला पांढरी बुरशीसारखी पूड धरते.

पट्टी कुठे घालायची हे ठरवण्यासाठी कॅपची कड बोटाने चाचपा. बऱ्याच कॅपांना किंवा अलॉयला एका ठिकाणी छोटी खाच ठेवलेली असते, चिखलाने ती बुजलेली असते. टूथब्रश आणि साबणाच्या पाण्याने कड आधी धुऊन घ्या, म्हणजे ती सापडते. खाच नसेल तर दोन अरांच्या मधे जिथे अलॉयची कड सगळ्यात पातळ आहे तिथून सुरुवात करा. पूर्ण व्हील कव्हर असेल तर टायरच्या व्हॉल्व्हच्या शेजारी पट्टी घालू नका.

पट्टी घातल्यावर पिळू नका. मिलिमीटरभर उचला, तिथे एक पातळ कार्ड सरकवून ठेवा म्हणजे ती परत बसणार नाही, आणि मग अगदी विरुद्ध बाजूला जा. तिथेही तेवढंच. मग उरलेल्या दोन बाजू. चारही बाजूंनी कॅप थोडी वर आली की मासे पकडायच्या नायलॉन दोरीचे दोन तुकडे समोरासमोर कडेत सरकवा, टोकं एकत्र धरा आणि सरळ आपल्याकडे ओढा. या कामात दोरी ही माझी सगळ्यात आवडती वस्तू आहे, ती कशालाही ओरखडा पाडत नाही.

कॅपचा लोगो सपाट आणि गुळगुळीत असेल तर मोबाइल दुरुस्तीवाले स्क्रीन काढायला वापरतात तो रबरी सक्शन कपही चालतो. कॅप आणि रबर दोन्ही ओलं करून दाबा. लोगोची अक्षरं उठावाची असतील तर हवा शिरते आणि कप सुटतो. तिथे वेळ घालवू नका.

कॅप हलतच नाही

कॅप बोटाने गोल फिरते, पण बाहेर येत नाही, तर ते चांगलं लक्षण आहे. म्हणजे गंजाने धरलेलं नाही, फक्त क्लिपा घट्ट आहेत. फिरवता फिरवता समोरासमोरच्या बाजूंनी उचला, निघेल. काही कॅपांना एकाच जागी बसण्यासाठी खुंटी असते, त्या फिरत नाहीत. त्यांना जबरदस्ती करू नका.

ना फिरते, ना हलते, अशी कॅप बहुतेकदा गंजलेली असते. अॅल्युमिनियमचा अलॉय, स्टीलचा हब (ज्यावर चाक बसतं तो भाग), मधे स्टीलची तार, आणि त्यावर पाणी, हे सगळं जुळून आलं की अॅल्युमिनियमवर पांढरी पूड तयार होते आणि तारेवर तांबूस गंज. दोन्ही फुगतात आणि कॅपला चोहोबाजूंनी आवळतात. पाण्यात मीठ असेल तर हे फार झपाट्याने होतं. म्हणून रत्नागिरी, मालवण किंवा गोव्यात समुद्राकाठी वाढलेली गाडी आणि सोलापूरची गाडी यांच्या कॅपा वेगवेगळ्या वागतात. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत, म्हणजे तिथल्या मराठी घरातही वर्षातून दोनदा चाकं उतरतात. वर रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकलेलं असतं आणि थंडीत प्लास्टिक आणखी ठिसूळ झालेलं असतं. तिथल्या मंडळींनी कॅप काढण्याआधी गाडी थोडा वेळ उबदार गॅरेजमध्ये ठेवावी, उघड्यावर थंडीत तिला हात लावू नये.

उपाय उष्णतेचा. हेअर ड्रायर पाचसात मिनिटं कॅपवर आणि कडेवर फिरवत ठेवा, किंवा हाताला सोसेल एवढं गरम पाणी ओतून त्यावर गरम पाण्यात पिळलेलं फडकं ठेवा. एबीएस साधारण १०५ अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं, म्हणून हीट गन किंवा गॅसचा बर्नर कामाचा नाही. आपल्याला कॅप वितळवायची नाही, फक्त तिचा कडकपणा घालवायचा आहे. गरम झाल्यावर कडेत साबणाचं पाणी सोडा आणि लगेच काढायला घ्या, थंड होऊ देऊ नका.

गंज सोडवणारं स्प्रे तेल वापरायचं असेल, तर चाक उतरवून, मागच्या बाजूने, तारेवर थेंबभर. चाक गाडीवर असताना फवारलं तर ते उडून ब्रेकच्या डिस्कवर जातं आणि मग ब्रेक लागत नाहीत. पेट्रोल आणि थिनर अजिबात नको. थिनरने एबीएस विरघळतं, कॅपचा रंग फडक्याला लागून येतो.

ज्या चाकाची कॅप मागूनही हलत नाही, तिथे तारेची रिंग आधी काढून टाकायचा प्रयत्न करा. रिंगचं एक टोक लांब नाकाच्या पक्कडीने धरून मध्याकडे ओढलं की ती क्लिपांमधून सुटते. तार गेली की क्लिपांना बाहेर दाबणारं काही उरत नाही, आणि हट्टी कॅपही पुष्कळदा अंगठ्याने निघते. डोळ्यांवर चष्मा असू द्या, कारण तार उडते.

लोगो हातात आला, कॅप तिथेच

समोरून काढणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. कॅप आणि लोगो हे बऱ्याच गाड्यांत दोन वेगळे तुकडे असतात. वरचा लोगो पातळ अॅल्युमिनियमचा किंवा प्लास्टिकचा, मागे चिकटपट्टी. पट्टी अलॉय आणि कॅप यांच्या मधे घालायची असते, घाईत ती कॅप आणि लोगो यांच्या मधे जाते. कडेला दोन रेषा दिसत असतील, एक लोगोभोवती आणि एक तिच्या बाहेर, तर बाहेरची रेषा आपली.

लोगो निघालाच असेल, तर त्याचा फायदा घेता येतो. उघड्या पडलेल्या कॅपच्या मधोमध ३ मिलिमीटरचं भोक पाडा. ड्रिलच्या बिटवर टोकापासून साधारण सेंटीमीटरभर अंतरावर चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे बिट खोल जाणार नाही. मागे शाफ्टचा नट किंवा मागच्या चाकात ग्रीस कॅप, म्हणजे ग्रीस झाकणारी टोपी, असते, तिला भोक पडता कामा नये. भोकात एक जाड स्क्रू चारपाच आटे फिरवून बसवा, त्याचं डोकं पक्कडीने धरा आणि सरळ ओढा. मधोमध ओढल्याने सगळ्या क्लिपांवर जोर सारखा येतो आणि त्या तुटत नाहीत. लोगो परत बसवताना जुना डिंक पूर्ण काढा आणि गाड्यांसाठीची दुहेरी चिकटपट्टी वापरा. भोक लोगोखाली झाकलं जातं.

लोगो अजून चिकटलेला आहे आणि कॅप कशानेच निघत नाही, अशा वेळीही हाच मार्ग घेता येतो. हेअर ड्रायरने लोगो गरम करा, दात साफ करायचा दोरा किंवा तीच नायलॉनची दोरी करवतीसारखी मागेपुढे करत चिकटपट्टीतून फिरवा. लोगो वाकवू नका, एकदा वाकला की परत सपाट होत नाही.

टायरवाल्याकडे

घरी चाक काढायची सवय सगळ्यांना नसते, आणि बॅलन्सिंग तर मशीनवरच होणार. तिथे फक्त एवढंच सांगायचं: "दादा, कॅप मागून काढा, समोरून स्क्रू ड्रायव्हर घालू नका." बहुतेक जण ऐकतात, कारण चाक त्यांनी उतरवलेलंच असतं आणि मागून ढकलणं त्यांनाही सोपं जातं. नट लपलेली कॅप असेल तर घरूनच काढून डिकीत टाकून न्या. कॅपा काढल्यावर त्या कुठे ठेवतात यावर लक्ष असू द्या. हवेच्या मशीनवर ठेवलेली कॅप तिथेच राहते आणि दुसऱ्या दिवशी तिचा पत्ता लागत नाही.

परत बसवताना

अलॉयच्या भोकातली खाच जुन्या टूथब्रशने घासून साफ करा. ती मातीने अर्धी भरलेली असेल तर क्लिप पूर्ण आत जात नाही, आणि कॅप बसलीय असं वाटूनही ती खड्ड्यात उडते. तारेची रिंग जागेवर आहे ना बघा. गंजलेली असेल तर पुसून थोडं ग्रीस लावा. समुद्राकाठी राहत असाल तर खाचेतही ग्रीसचा पातळ हात द्या, पुढच्या वेळी कॅप बोटांनी निघेल.

कॅप भोकावर सरळ ठेवून तळहाताने दाबा. टक्कन आवाज यायला हवा. हातोडी नको. पूर्ण व्हील कव्हर असेल तर त्याच्यावरची व्हॉल्व्हची खूण व्हॉल्व्हशी जुळवून तिथून सुरुवात करा आणि मग बाकीची बाजू दाबत जा. चाकाचे नट शेवटी गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा आणि पन्नासेक किलोमीटर चालवल्यावर पुन्हा तपासा. कॅपच्या नादात हे विसरू नका.

सैल बसत असेल, तर रिंग हाताने किंचित बाहेर फाकवा, किंवा क्लिपांवर नळाला लावायच्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या. फेविक्विक लावण्याचा मोह होतो, पण तो आवरा. एक तर त्याने कॅपभोवती पांढरा धूर बसतो, आणि दुसरं म्हणजे पुढच्या बॅलन्सिंगला ती कॅप फुटूनच निघते. एकदोन क्लिपा तुटलेल्या कॅपला टेप पुरते. सलग तीनचार तुटल्या असतील तर नवी घ्या.

कॅप नसताना गाडी चालवायला अडचण नाही. मागे फक्त हबचा नट उघडा पडतो, पाणी-चिखल बसतो, गंज धरतो. चाक काही निघून येत नाही. त्यामुळे हायवेवर एक कॅप उडाली म्हणून रात्री शोधत फिरायची गरज नाही.

नवी घेताना मात्र नुसतं "अमुक गाडीची कॅप द्या" म्हणू नका. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे अलॉय आलेले असतात. जुनी कॅप उलटी करा, मागे साच्यातच पार्ट नंबर छापलेला असतो. तो घासला गेला असेल तर दोन मापं घ्या, शक्यतो व्हर्नियर कॅलिपरने: एक कॅपचा बाहेरचा व्यास आणि दुसरा क्लिपांच्या टोकांचा. दोन्ही जुळायला हवेत. बाहेरून ६० मिलिमीटरची कॅप घेतली आणि क्लिपांचा व्यास मिलिमीटरभर कमी निघाला तर ती पहिल्याच स्पीडब्रेकरवर रामराम करते. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत जुन्या-नव्या दोन्ही मिळतात, पण जुनी कॅप सोबत न्या आणि दुकानातच शेजारी ठेवून क्लिपांची संख्याही मोजा. चारच्या जोडीत रंग जुळण्यावर फार अडून बसू नका. तीन उन्हात पिवळटलेल्या आणि एक नवी दिसणारच, पुढे तीही त्याच रंगाची होते.